मोबाईलवर त्रिमितीय फोटो आणि स्लाइड शो: पहिल्या क्लिकपासून सोसायटीच्या हॉलमधल्या पडद्यापर्यंत

आपले दोन डोळे साधारण साडेसहा सेंटिमीटर अंतरावर आहेत. त्यामुळे दोघांना एकच दृश्य किंचित वेगळं दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू खोली, म्हणजे कुठली वस्तू जवळ आणि कुठली लांब ते, ठरवतो. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये हे दाखवून दिलं आणि तत्त्व आजही तेच आहे. डाव्या डोळ्यासाठी एक फोटो, उजव्यासाठी दुसरा, आणि ज्याचा त्याच डोळ्याला दिसेल अशी सोय.

नवशिक्यांचा बहुतेक वेळ सॉफ्टवेअर शोधण्यात जातो. खोली मात्र फोटो काढतानाच ठरते. मोबाईल किती सरकवला हे चुकलं, तर नंतर कुठलंही सॉफ्टवेअर ते पुरतं सावरू शकत नाही. म्हणून तिसऱ्या आणि चौथ्या पायरीला जास्त जागा दिली आहे. त्या दोन नीट वाचा, बाकीचं हाताशी ठेवलं तरी चालेल.

काय काय लागेल

- मॅन्युअल किंवा प्रो मोड असलेला कुठलाही मोबाईल. प्रो मोड नसेल तर निदान फोकस आणि एक्स्पोजर लॉक होत असावं.
- ट्रायपॉड आणि मोबाईल पकडणारा क्लॅम्प.
- दीड-दोन फूट लांबीची सरळ, जाड लाकडी पट्टी, तिच्या कडेला चिकटवायला स्टीलची फूटपट्टी आणि एक छोटी पाणसळ. हे सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं. पट्टी सुताराकडून रंधून घ्या, कारण वाकडी असेल तर सगळं गणित बिघडतं.
- लाल-सायन चष्मे. डाव्या डोळ्यावर लाल, उजव्यावर निळसर-हिरवी काच. लाल-हिरवे किंवा लाल-निळे चष्मेही विकायला असतात, ते घेऊ नका. नंबरचा चष्मा वापरणाऱ्यांसाठी वरून घालता येतील असे मोठे प्लास्टिकचे बघा.
- विंडोज लॅपटॉप आणि ‘स्टिरिओ फोटो मेकर’ हे मोफत सॉफ्टवेअर. लिनक्स किंवा मॅक असेल तर ‘गिंप’वर काम भागतं.

१. आधी पद्धत ठरवा

तीन रस्ते आहेत. पहिला म्हणजे जोडफोटो काढून त्यांचं लाल-सायन चित्र करणं, ज्याला अ‍ॅनाग्लिफ म्हणतात. हॉलमध्ये तीस-चाळीस जणांना एकदम दाखवायचं असेल तर हाच सगळ्यात स्वस्त मार्ग. दुसरा, तेच दोन फोटो झरझर आलटून-पालटून दाखवणारं हलतं चित्र. त्याला चष्मा लागत नाही. तिसरा, एकाच फोटोचे थर वेगळे करून ते कमी-जास्त वेगाने सरकवणं. आजोबांच्या जुन्या कृष्णधवल फोटोला हा तिसराच मार्ग लागू पडतो, कारण त्याची जोडी मिळणं शक्य नसतं.

सुरुवात पहिल्यापासून करा. त्यातली जोडी दुसऱ्या पद्धतीलाही चालते.

२. विषय निवडा: जे हलत नाही ते

एकच मोबाईल असेल तर दोन फोटोंमध्ये दोन-तीन सेकंद जातात. तेवढ्यात जे हलेल ते दोन डोळ्यांना दोन ठिकाणी दिसेल आणि तिथे नजर टोचेल.

ठाण्याच्या तलावपाळीचं, म्हणजे मासुंदा तलावाच्या काठाचं, उदाहरण घ्या. काठाचं रेलिंग, मधली बोट, पलीकडचं मंदिर आणि इमारती असे थर इथे आयतेच मिळतात. अडचण पाण्याची. लाटांवरची चमक दोन्ही फोटोंत वेगळी पडते आणि पाण्याचा पृष्ठभाग नुसता लुकलुकतो. उपाय म्हणजे दिवस मावळल्यावर ट्रायपॉडवर एक-दोन सेकंदांचं एक्स्पोजर द्यायचं. पाणी गुळगुळीत होतं आणि तक्रार मिटते. बोट मात्र धक्क्याला बांधलेली असली तरी डुलते, तेव्हा ती चौकटीबाहेर ठेवा.

ठाणे खाडीचे किंवा नेरूळच्या पाणथळीतले फ्लेमिंगो एका मोबाईलने जमणार नाहीत. थवा चिखलात स्थिर उभा वाटतो, पण माना सतत खाली-वर होत असतात. त्यासाठी एकाच वेळी क्लिक होणारे दोन सारखे कॅमेरे लागतात. येऊरच्या वाटेवरची झाडं वारा पडलेला असताना, सकाळी लवकर घ्या. तो भाग संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचा आहे, तेव्हा वनविभागाच्या वेळा आणि नियम पाळा.

सरावासाठी सगळ्यात उत्तम विषय घरातच असतो: गणपतीचं मखर. पुढे समई, मग नैवेद्याचं ताट, मूर्ती, मागे आरास. थरांवर थर, आणि कोणी हलत नाही. फक्त लुकलुकणारी दिव्यांची माळ स्थिर मोडवर लावा किंवा बंद करा, नाहीतर डाव्या फोटोत पेटलेला दिवा उजव्यात विझलेला असेल. उदबत्तीचा धूरही निवळू द्या आणि पंखा बंद करा.

३. किती सरकवायचं ते मोजा

दोन फोटोंमधल्या अंतराला बेस म्हणतात. रस्त्यावर उभं राहून तोंडी करता येईल असा हिशोब असा: चौकटीतली सगळ्यात जवळची वस्तू किती लांब आहे ते बघा आणि त्याला ३० ने भागा.

- जवळची वस्तू ६० सेंटिमीटरवर: बेस २ सेंटिमीटर
- २ मीटरवर: साडेसहा सेंटिमीटर
- ६ मीटरवर: २० सेंटिमीटर
- ३० मीटरवर: १ मीटर

इथे ‘जवळची वस्तू’ म्हणजे मुख्य विषय नव्हे. चौकटीच्या कोपऱ्यात डोकावणारी फांदी, पायाशी दिसणारी फरशी, हेही धरायचं. तलावपाळीला रेलिंग चौकटीत असेल आणि ते दोन मीटरवर असेल तर बेस साडेसहा सेंटिमीटर. मोबाईल उंच धरून रेलिंग वगळलं आणि जवळची वस्तू १५ मीटरवर गेली तर बेस अर्धा मीटर. एकाच जागेवरून दोन अगदी वेगळे आकडे येतात. तरीही लोक सगळीकडे एकच अंतर वापरतात आणि मग दूरची दृश्यं सपाट, जवळची डोळे दुखवणारी होतात.

हा नियम मोबाईलच्या मुख्य म्हणजे १एक्स लेन्ससाठी आहे आणि मागे आकाश किंवा दूरचा डोंगर असेल तेव्हासाठी. दोन फेरफार लक्षात ठेवा.

पहिला: २एक्सवर फोटो घेत असाल तर ३० ऐवजी ६० ने भागा, कारण दृश्य मोठं झालं की दोन फोटोंतला फरकही तितकाच मोठा होतो. ०.५एक्सची रुंद लेन्स सुरुवातीला टाळाच. कडांना वस्तू ताणल्या जातात आणि जुळवणीत त्या कधीच नीट बसत नाहीत.

दुसरा: मागे भिंत किंवा पडदा असेल तर बेस वाढवता येतो. जवळचं आणि लांबचं अंतर यांचा गुणाकार करा, त्याला त्यांच्या वजाबाकीने भागा, आणि जे येईल त्याला ३० ने भागा. मखराचं बघू. समई दीड मीटरवर, मागची आरास अडीच मीटरवर. गुणाकार ३.७५, वजाबाकी १, म्हणजे ३.७५ मीटर. ३० ने भागल्यावर साडेबारा सेंटिमीटर. नुसत्या ३० च्या नियमाने पाचच आले असते. व्यवहारात आठ-दहा सेंटिमीटर घ्या. पूर्ण साडेबारा घेतल्यावर खोली इतकी ताणली जाते की मूर्तीचं पोट आणि सोंड गरजेपेक्षा पुढे आल्यासारखी दिसतात.

घणसोली किंवा खारघरच्या उंच इमारतीच्या गच्चीवरून शहर घ्यायचं असेल आणि जवळची इमारत ६० मीटरवर असेल तर बेस दोन मीटर होतो. कठड्याच्या आत, कठड्याला समांतर दोन मीटर सरका. कठड्यावर चढू नका, मोबाईल बाहेर धरू नका. अशा मोठ्या बेसने घेतलेल्या इमारती छोट्या मॉडेलसारख्या दिसतात. तो या पद्धतीचा गुणधर्म आहे, तुमची चूक नव्हे. कोणाला ते आवडतं, कोणाला नाही. न आवडल्यास बेस निम्मा करा.

४. जोडी काढा

१. मोबाईल आडवा लावा. पट्टी ट्रायपॉडवर किंवा टेबलावर ठेवून पाणसळीने सपाट करा.

२. फोकस, एक्स्पोजर आणि व्हाइट बॅलन्स लॉक करा. एचडीआर, ‘एआय’ सीन आणि पोर्ट्रेट मोड बंद करा. पोर्ट्रेट मोड पार्श्वभूमी प्रत्येक वेळी वेगळी धूसर करतो, त्यामुळे कडा जुळत नाहीत.

३. जवळून फोटो घेताना अनेक मोबाईल आपोआप मॅक्रोसाठी दुसऱ्या लेन्सवर जातात. ती स्वयंचलित सोय बंद करा. नाहीतर डावा फोटो एका लेन्सचा आणि उजवा दुसऱ्या लेन्सचा येईल.

४. डावा फोटो आधी, मग उजवा. क्रम कधीही बदलू नका. घरी आल्यावर साठ फोटोंतून डावा कुठला हे ओळखत बसण्याचा त्रास यानेच वाचतो.

५. मोबाईल सरळ रेषेत सरकवा, विषयाकडे वळवू नका. मूर्ती चौकटीच्या मधोमध ठेवण्यासाठी हात आपोआप आत वळतो. तसं झालं की एका फोटोत चौकोनाची डावी बाजू उंच आणि दुसऱ्यात उजवी बाजू उंच येते. कोपऱ्यांतले बिंदू खाली-वर होतात आणि डोळे तेच सहन करू शकत नाहीत. दोन्ही फोटोंत विषय थोडा बाजूला गेला तरी चालेल, कडेला मोकळी जागा ठेवा, पुढे कापता येईल.

६. शटर टायमरवर ठेवा, म्हणजे बोटाचा धक्का लागत नाही.

पट्टी जवळ नसेल तर पाय थोडे फाकवून उभे राहा. वजन डाव्या पायावर टाकून एक फोटो, उजव्या पायावर टाकून दुसरा. एवढ्यात सहा-सात सेंटिमीटर सरकणं होतं. दोन मीटरवरच्या माणसासाठी हे पुरेसं आहे, पण त्याला श्वास रोखून उभं राहायला सांगा.

५. जुळवणी

स्टिरिओ फोटो मेकरमध्ये फाइल मेनूतून डावा आणि उजवा फोटो एकत्र उघडा. मग ऑल्ट आणि ए दाबा. फिरलेला, वर-खाली गेलेला किंवा किंचित लहान-मोठा झालेला फोटो सॉफ्टवेअर स्वतः जुळवतं. खोली उलटी वाटली, म्हणजे मागचं पुढे आलं, तर एक्स दाबून बाजू बदला.

स्वयंचलित जुळवणीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. झाडांचं दृश्य किंवा पाणी असेल तर ती फसते. चौकटीच्या चारही कोपऱ्यांत मोठं करून बघा. डाव्या-उजव्या बाजूचा फरक चालतो, वर-खालीचा चालत नाही. मोठ्या पडद्यावर दोन-तीन पिक्सेलचा उभा फरकही थकवा आणतो.

गिंपवर: दोन्ही फोटो एकाच फाइलमध्ये दोन थर म्हणून घ्या. वरचा थर अर्धपारदर्शक करून हाताने जुळवा आणि परत अपारदर्शक करा. डाव्या थराच्या लेव्हल्समध्ये हिरव्या आणि निळ्या चॅनेलचं आउटपुट शून्यावर आणा, उजव्याच्या लाल चॅनेलचं. वरच्या थराचा मोड ‘अ‍ॅडिशन’ करा. झालं अ‍ॅनाग्लिफ.

६. खिडकी बसवा

पडद्याची चौकट म्हणजे खिडकी समजा. दृश्य तिच्या मागे असेल तर डोळ्यांना आराम वाटतो. एखादी वस्तू खिडकीच्या पुढे आलेली असूनही डाव्या किंवा उजव्या कडेने कापली गेली, तर मेंदू गोंधळतो. पुढे असलेली वस्तू मागच्या चौकटीने कशी कापली? नवशिक्यांच्या स्लाइड शोमध्ये सर्वात जास्त दिसणारा दोष हाच.

सुधारणा सोपी आहे. बाणांच्या कळांनी दोन फोटो एकमेकांवर आडवे सरकवा आणि सगळ्यात जवळच्या वस्तूचे दोन्ही ठसे, म्हणजे डाव्या आणि उजव्या फोटोतल्या तिच्या प्रतिमा, एकमेकांवर बसवा. आता ती वस्तू पडद्यावर आणि बाकी सगळं मागे.

चष्मा न घालताही हे तपासता येतं. उजळ पार्श्वभूमीवरची गडद वस्तू शोधा, उदाहरणार्थ आकाशासमोरचा विजेचा खांब. त्याच्या डाव्या कडेला निळसर-हिरवी आणि उजव्या कडेला लाल किनार दिसली तर तो खिडकीच्या मागे आहे. उलट दिसली तर पुढे. किनारच नसेल तर बरोबर खिडकीवर. ही खूण एकदा नजरेत बसली की शंभर फोटो चष्म्याशिवाय भराभर चाळता येतात.

मग सगळ्यात दूरच्या वस्तूच्या दोन ठशांमधलं अंतर पिक्सेलमध्ये मोजा. हे अंतर पडद्यावर ६५ मिलिमीटरच्या पुढे गेलं तर बघणाऱ्याचे डोळे बाहेरच्या बाजूला फाकावे लागतील, आणि ते शक्य नसतं. दोन मीटर रुंद पडद्यावर १९२० पिक्सेलचं चित्र असेल तर एक पिक्सेल जवळपास एक मिलिमीटरचा. म्हणून कमाल ६० पिक्सेल. तीन मीटरच्या पडद्यावर ४०. घरच्या ४३ इंची टीव्हीवर याचा धोका नाही, पण तिथेही ६० च्या पुढे जाऊ नका. स्लाइड शो ज्या सगळ्यात मोठ्या पडद्यावर लागणार असेल त्याचा आकडा धरा. लहान पडद्यावर खोली थोडी कमी दिसेल इतकंच.

७. रंगांचं भांडण

गडद लाल रंग डाव्या डोळ्याला उजळ आणि उजव्या डोळ्याला जवळजवळ काळा दिसतो. बाप्पाच्या गळ्यातला जास्वंदीचा हार, लालभडक शालू, एसटीची जुनी लाल बस, सगळं चष्म्यातून थरथरतं. तीन पर्याय क्रमाने करून बघा: ‘ड्युबॉ’ प्रकारचं अ‍ॅनाग्लिफ (यात हे भांडण कमी होईल अशा बेताने रंग मिसळलेले असतात), मग अर्धरंगी (डावा फोटो कृष्णधवल, उजवा रंगीत), आणि काहीच जमलं नाही तर कृष्णधवल. कृष्णधवलला कमी लेखू नका. जुन्या किल्ल्याचे दगड किंवा झाडाची साल यांची खोली त्यातच सगळ्यात स्वच्छ दिसते.

दुसरा त्रास भुताटकीचा. काळोखात पेटलेला आकाशकंदील असेल तर त्याची फिकट दुसरी प्रतिमा बाजूला तरंगते, कारण चष्म्याची काच दुसऱ्या डोळ्याचा प्रकाश पूर्ण अडवत नाही. कंदिलाची झळाळी कमी करा, काळोख थोडा उजळवा, आणि शक्य असेल तर कंदीलच खिडकीवर आणा. तिथे दोन्ही ठसे एकत्र असल्यामुळे भूत दिसत नाही.

फाइल पीएनजीमध्ये ठेवा. साधं जेपीईजी जागा वाचवण्यासाठी रंगांचा तपशील कमी करतं, आणि इथे तर डाव्या डोळ्याचा फोटो रंगातच साठवलेला असतो.

८. स्लाइड शो बांधा

- सगळी चित्रं १९२० बाय १०८० ला कापून घ्या.
- पहिल्या तीन-चार स्लाइड कमी खोलीच्या ठेवा, प्रत्येकी दहा सेकंद. डोळे सरावल्यावर सहा-सात सेकंद पुरतात.
- एका चित्रातून दुसरं उमलत जाणारं संक्रमण वापरू नका. त्या क्षणी वेगवेगळ्या खोलीची दोन दृश्यं एकावर एक येतात. चित्र अर्ध्या सेकंदात काळं करून मग पुढचं आणा.
- दूरच्या डोंगरावरून लगेच जवळच्या फुलावर उडी नको. मध्ये मध्यम अंतराचं दृश्य टाका.
- नावं आणि मजकूर खिडकीवर म्हणजे फरक शून्य ठेवून लिहा, आणि त्या जागी चित्रातली कुठलीही वस्तू पुढे आलेली नाही ना ते बघा. मागे असलेली अक्षरं पुढच्या वस्तूवर छापलेली दिसली तर वाचणं अशक्य होतं.
- दर दहा स्लाइडनंतर एक साधं, सपाट चित्र द्या.
- चाळीस-पन्नास स्लाइडच्या पुढे जाऊ नका.

शक्यतो लॅपटॉपवरून पीएनजी चित्रंच थेट दाखवा. गाणं जोडायचं म्हणून व्हिडिओ करायचाच असेल तर तो ४के आकारात आणि जास्त बिटरेटला काढा, कारण व्हिडिओतही रंगांचा तपशील निम्म्यावर येतो.

९. जोडी नसलेला फोटो

जुना फोटो स्कॅन करा. गिंपमध्ये माणसं कापून वेगळ्या थरावर घ्या आणि त्यांच्या मागची रिकामी जागा क्लोन टूलने भरा. पूर्ण भरायची गरज नाही, थर सरकल्यावर उघडी पडेल तेवढी पुरे. मग कुठल्याही व्हिडिओ संपादकात मागचा थर सहा-आठ सेकंदांत दोन टक्के आणि पुढचा चार-पाच टक्के मोठा होऊ द्या. याहून जास्त केलं की माणसं पुठ्ठ्याची वाटतात. केसांच्या कडा कापताना दोन-तीन पिक्सेलची मऊ कड ठेवा आणि पाय जमिनीला टेकतात तिथे जमिनीचा तुकडा माणसांसोबतच घ्या, नाहीतर ती हवेत तरंगतील.

पहिल्या पायरीतल्या दुसऱ्या पद्धतीच्या हलत्या चित्रासाठी मात्र जुळवलेली जोडी घ्या, मुख्य विषयाचे दोन्ही ठसे एकमेकांवर बसवा आणि प्रत्येक चित्र ०.१२ सेकंद ठेवून जीआयएफ बनवा. मुख्य विषय स्थिर आणि मागचं-पुढचं डुलतं, अशी रचना डोळ्याला बरी वाटते.

१०. दाखवताना

हॉलमध्ये पूर्ण काळोख करा. लाल-सायन काचा बराच प्रकाश खातात, त्यामुळे सोसायटीच्या हॉलचे पडदे लावून भागत नाही, संध्याकाळी सातनंतरची वेळ ठरवा. प्रोजेक्टर किंवा टीव्ही ‘व्हिविड’ मोडवर नको, ‘स्टँडर्ड’वर ठेवा. एक चाचणी चित्र लावून आधी डावा, मग उजवा डोळा झाकून बघा. प्रत्येक डोळ्याला एकच चित्र दिसायला हवं.

खुर्च्या पडद्याच्या रुंदीच्या दोन ते तीन पट अंतरावर, मध्यभागी मांडा. अगदी कडेला बसणाऱ्याला दृश्य तिरकं झालेलं दिसतं. मागे बसलेल्यांना खोली जास्त ताणलेली दिसते, पुढच्यांना कमी, तेव्हा तालीम करताना स्वतः शेवटच्या रांगेत बसा.

सुरुवातीलाच सांगा, की डोकं दुखायला लागलं तर चष्मा काढा. काही जणांचे दोन डोळे एकत्र काम करत नाहीत आणि त्यांना खोली दिसतच नाही. त्यांना ‘नीट बघा’ म्हणून आग्रह करू नका. हॉलमधल्या अशा मंडळींसाठी त्याच कार्यक्रमात नवव्या पायरीतली दोन-तीन थरांची चित्रं ठेवा, ती चष्म्याशिवाय आणि एका डोळ्यानेही दिसतात.

नंतर ग्रुपवर चित्रं पाठवताना व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून नव्हे, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तिथे ती दाबली जातात आणि खोलीच्या कडा पुसट होतात. सोबत एक ओळ लिहा: लाल काच डाव्या डोळ्यावर.